सही रे सही, पण कुणाची?

आधी एक कबुली. आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याची सही केलेली आहे. कुणी प्रगतिपुस्तकावर बाबांची, कुणी अटेंडन्स शीटवर मित्राची. थर्मोडायनॅमिक्स चार वर्षं कळत नाही, पण 'प्रॉक्सी' हा शब्द फर्स्ट इयरच्या दुसऱ्या आठवड्यातच कळतो. (मी केली का, ते विचारू नका. हे मॅगझीन एचओडींच्या टेबलावरही जातं.)

आता विचार करा. साठ जणांच्या वर्गात एवढ्या प्रॉक्सी लागत असतील, तर ज्याला रोज पोतंभर पत्रं येतात आणि प्रत्येक पत्रात 'सही केलेला फोटो पाठवा' असं लिहिलेलं असतं, त्या हिरोचं काय होत असेल? त्याचीही प्रॉक्सी लागते. फरक एवढाच, की लावणाऱ्याला पगार मिळतो आणि त्याला सेक्रेटरी म्हणतात.

या भानगडीत मी पडले ती माझ्या आत्यामुळे. १९७४ साली आत्या साताऱ्याला अकरावीत होती. त्या वेळच्या एका मोठ्या हिरोला (नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल) तिने आजोबांच्या नकळत पत्र लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं. पोस्टकार्ड साइजचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि खाली कोपऱ्यात निळ्या शाईत तिरकी इंग्लिश सही. तो फोटो आत्याच्या लग्नात तिच्या ट्रंकेतून सासरी गेला. मागच्या दिवाळीत तिने तो मला दाखवला आणि म्हणाली, "माझ्यानंतर हा तुझा." त्यावर आमचा आत्येभाऊ म्हणाला, "विकून टाक ना आई, असल्या सह्यांना हल्ली चांगले पैसे येतात!" आत्या काही बोलली नाही. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. ही सही त्याचीच कशावरून?

त्यानंतर सेमिस्टरभर सबमिशनच्या फायली बाजूला ठेवून मी जे काही वाचलं आणि करून पाहिलं, ते इथे सांगते.

सही म्हणजे चित्र नाही, हालचाल आहे

आपण सही ओळखतो ती आकारावरून. पण आकार ही नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट! जीटी मारणाऱ्यांना हे सांगायला नको. (बाहेरच्या वाचकांसाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट.) जीटी मारलेली शीट सरांना लगेच कशी कळते? आकृती तर बरोबर असते. पण रेघेत जीव नसतो. सगळीकडे सारखाच दाब, मध्येच थांबल्याच्या खुणा, आणि वर्तुळ आहे पण कंपासच्या टोकाचं भोकच नाही!

सहीचंही तसंच आहे. स्वतःची सही आपण विचार करून करत नाही, एका झटक्यात करतो. पेन कागदाला टेकायच्या आधीच हात फिरायला लागलेला असतो. म्हणून रेघेची सुरुवात बारीक असते, मग दाब वाढतो, वळणावर वेग कमी होतो आणि शेवटी विमान उडावं तसं पेन कागदावरून उठतं, त्यामुळे शेपूट निमुळतं होतं. खोटी सही करणारा मात्र सही 'करत' नाही, सही 'काढतो'. हळू हळू, मूळ सहीकडे बघत बघत. मग रेघ थरथरते, नको तिथे पेन उचललं जातं आणि टोकं बोथट होतात.

म्हणजे पहिला धडा असा: सहीत अक्षरं बघू नका, वेग, दाब आणि दिशा बघा. आपल्या भाषेत, डिस्प्लेसमेंट नको, व्हेलॉसिटी बघा.

सगळ्यात सोपी फसवणूक: छापील आणि शिक्क्याची सही

आत्ता तुमच्या पाकिटात एक नोट असेल (महिनाअखेर असेल तर मित्राकडून घ्या). तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे. ती गव्हर्नरांनी तुमच्या नोटेवर बसून केलेली नाही, हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण फसत नाही. पण फोटोवर किंवा छोट्या बॅटवर तशीच छापलेली सही दिसली की आपण हरखून जातो.

इथे साधं भिंग पुरतं. फोटो डोळ्यांच्या पातळीत आडवा धरा आणि उजेडात तिरका करा. खरी शाई फोटोच्या पृष्ठभागाच्या वर बसते, तिची चमक कागदाच्या चमकेपेक्षा वेगळी दिसते. छापील सही फोटोच्या चमकेतच विरघळून जाते, आणि भिंगाखाली बरेचदा तिचे बारीक ठिपके दिसतात. रेघ जिथे स्वतःलाच छेदते तिथेही बघा. खऱ्या पेनाने तिथे शाईचे दोन थर बसतात, त्यामुळे तो भाग बहुतेक वेळा गडद दिसतो.

रबरी शिक्का ओळखणंही कठीण नाही. शाई कडेला गोळा होते, मध्ये फिकट राहते. रेघेत जाड-बारीकपणा असला तरी कागदावर दाब नसतो, त्यामुळे मागच्या बाजूने बोट फिरवलं तर काहीच लागत नाही.

एक गंमत म्हणजे कधी कधी भिंगही लागत नाही, नुसतं साल पुरतं. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आलं ते १९४५ साली. त्याआधी वारलेल्या अमेरिकन नटीची बॉलपेनने केलेली सही कुणी दाखवली, तर नमस्कार करून निघायचं.

यंत्राची सही: कॅम आणि फॉलोअर

यापुढचा प्रकार मात्र खास आपल्या ब्रँचचा. त्याचं नाव ऑटोपेन. टेबलावर एक यांत्रिक हात असतो, त्यात कोणतंही खरं पेन बसवता येतं. मूळ सहीवरून एक साचा बनवतात. साचा फिरतो, त्याच्या कडेवरून दांडा सरकतो आणि त्या हिशोबाने हात कागदावर सही करतो. टीओएममध्ये आपण कॅम आणि फॉलोअर घोकतो ना, तेच! नंतरच्या यंत्रांत साच्याऐवजी डिजिटल मेमरी आली, पण काम तेच.

इथे शाई खरी असते, पेन खरं असतं, कागदावर दाबही असतो. मग ओळखायचं कसं? यंत्राला झटका माहीत नसतो. पेन सरळ खाली येतं, सही होते, सरळ वर जातं. त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी बारीक ठिपका उमटतो, निमुळतं शेपूट नसतं. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. आणि यांत्रिक हाताच्या कंपनामुळे लांब वळणात कधी कधी बारीक लहर दिसते.

पण यंत्राची खरी चोरी पकडली जाते ती दोन सह्या शेजारी ठेवल्यावर. माणूस स्वतःची सही दोनदा तंतोतंत सारखी करूच शकत नाही. खोटं वाटत असेल तर वहीत दहा वेळा सही करून बघा. आपल्याला वाटतं, जुळली म्हणजे खरी. इथे उलटं आहे. दोन सह्या शंभर टक्के जुळल्या तर त्यांतली निदान एक तरी हाताची नाही!

हे तत्त्व कोर्टात पहिल्यांदा गाजलं ते १८६८ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. सिल्व्हिया अ‍ॅन हाउलँड या श्रीमंत बाईंच्या मृत्युपत्राचा खटला होता. तिची भाची हेटी रॉबिन्सन हिने मृत्युपत्राला जोडलेलं एक जास्तीचं पान पुढे केलं. त्यावरची सही मूळ सहीवरून ट्रेस केली आहे, म्हणजे जीटी मारली आहे, असा आरोप झाला. हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पियर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी बाईंच्या ४२ सह्या घेतल्या आणि प्रत्येक सही दुसऱ्या प्रत्येक सहीवर ठेवून पाहिली. म्हणजे ८६१ जोड्या. (४२ सी २, करून बघा.) प्रत्येक सहीत वरून खाली येणाऱ्या ३० रेघा होत्या. सरासरी पाचात एक रेघ जुळत होती. आणि वादातल्या सहीत? तीसच्या तीस जुळल्या! योगायोगाने असं होण्याची शक्यता म्हणजे ५ च्या ३० व्या घातात एक. ही एकवीस आकडी संख्या आहे, कॅल्क्युलेटरही हात टेकतो.

आता आपल्यातला एखादा हुशार विचारेल, "पण त्या तीस रेघा एकमेकींपासून इंडिपेंडंट कशावरून?" बरोबर. हा आक्षेप नंतर घेतला गेला, आणि कोर्टाने निकालही गणितावर न देता वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर दिला. तरी मूळ मुद्दा टिकला: फार जुळणं हाच पुरावा असतो.

याच पुराव्याने पुढे मोठमोठ्यांच्या सह्या उघड्या पडल्या. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगला इतकी पत्रं यायची की त्याच्या नावाचे किती तरी फोटो ऑटोपेनने सही होऊन गेले. संग्राहकांनी ते एकमेकांवर ठेवून कोणकोणते साचे वापरले त्याची यादीच बनवली. आज एखादी सही त्या साच्यांपैकी एकाशी जुळली की निकाल लागला. १९९४ पासून तर आर्मस्ट्राँगने सह्या देणंच बंद केलं.

आणि हे जुनं प्रकरण आहे असं समजू नका. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बॉब डिलनच्या पुस्तकाच्या ९०० प्रती 'लेखकाने स्वतः सही केलेल्या' म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलर्सना विकल्या गेल्या. सोबत प्रकाशकाचं खरेपणाचं पत्रही होतं. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतीचे फोटो एकमेकांना दाखवले आणि बघतात तर काय, सह्या सारख्या! प्रकाशकाला पैसे परत करावे लागले. डिलनने माफी मागितली. २०१९ पासून चक्कर येण्याचा त्रास, त्यात कोविड, म्हणून यंत्र वापरलं, आणि ती चूक होती, असं त्याने कबूल केलं.

यातून दुसरा धडा: सर्टिफिकेट म्हणजे पुरावा नाही. सर्टिफिकेटवरही शेवटी एक सहीच असते! अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, तेव्हा मालाबरोबर सर्टिफिकेटंही होतीच. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा निघाले. मदर तेरेसा आणि बेसबॉल! घेणाऱ्याला एवढाही प्रश्न पडला नाही.

आता खरा पेपर: सेक्रेटरीची सही

इथपर्यंतचं सगळं इंटर्नल एक्झाम होतं. सेक्रेटरी म्हणजे युनिव्हर्सिटीचा पेपर.

कारण सेक्रेटरी बनावट सही करणाऱ्यासारखा घाबरत घाबरत सही काढत नाही. साहेबांनीच सांगितलेलं असतं, रोज शंभर सह्या करायच्या असतात, वर्षानुवर्षं हात बसलेला असतो. त्यामुळे सही झटक्यात होते, वेग असतो, दाब कमी-जास्त असतो, शेपूट निमुळतं असतं, आणि दोन सह्या तंतोतंत जुळतही नाहीत. म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या टेस्टमध्ये ती डिस्टिंक्शनने पास! ती अस्सल हाताची सही आहे. फक्त हात दुसऱ्याचा.

हॉलिवूडच्या जीन हार्लोचं उदाहरण मला फार आवडलं. १९३० च्या दशकातली ही मोठी स्टार, १९३७ मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. तिच्या नावाने चाहत्यांना गेलेल्या बहुतेक फोटोंवर सही आहे तिच्या आईची. आणि मजा अशी की मुलीचं खरं नाव हार्लीन कार्पेंटर. 'जीन हार्लो' हे आईचं माहेरचं नाव, जे मुलीने पडद्यासाठी घेतलं. म्हणजे आई सही करत होती ती स्वतःच्याच माहेरच्या नावाची! आता हिला खोटी सही म्हणायचं का, सांगा.

बीटल्सचंही तसंच. त्यांच्याबरोबर फिरणारे नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हे मदतनीस गर्दीच्या दिवसांत चौघांच्याही सह्या करून द्यायचे. इथे एक सोपी युक्ती कामाला येते. चार माणसांच्या सह्या असतील तर चार वेगवेगळे हात दिसले पाहिजेत. तिरकेपणा सारखा, अक्षरांमधली जागा सारखी, पेन सारखं, तर समजायचं की एकाच माणसाने चार जणांची प्रॉक्सी लावली आहे. (अटेंडन्स शीट तपासणाऱ्या सरांसाठी ही टीप नाही.)

सगळ्यात अवघड केस म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी. त्यांच्या सेक्रेटरी त्यांच्या नावाने सह्या करायच्या, ऑटोपेनही होतं. चार्ल्स हॅमिल्टन या सह्यांच्या जाणकाराने १९६५ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पण घोळ असा की केनेडींची स्वतःची सहीच दर वेळी वेगळी, कधी कधी नुसती वेडीवाकडी रेघ. त्यामुळे सुंदर, वाचता येणारी सही दिसली की उलट शंका येते.

मग सेक्रेटरीला पकडायचं कसं? एकट्या सहीवरून नाही. तुलना हाच मार्ग.

पहिलं, नमुना. त्या माणसाने कुणाच्या तरी डोळ्यांदेखत केलेली, शक्यतो त्याच काळातली सही मिळवायची. माणसाची सही वीस वर्षांत बदलते, विशेषतः प्रसिद्धी वाढली की लहान आणि फाटकी होत जाते. सेक्रेटरीची सही मात्र बरेचदा वर्षानुवर्षं नीटनेटकी राहते. त्याला कुठे पळायची घाई असते?

दुसरं, सवयी. आकार सगळे शिकतात, सवयी कुणी शिकत नाही. अक्षर वरून सुरू केलं की खालून, 'टी'ची आडवी रेघ आधी की नंतर, 'आय'चा टिंब कुठे पडतो, मोठं अक्षर लहान अक्षराच्या किती पट, शब्द ओळीवर राहतो की वर चढतो. सेक्रेटरी साहेबांचं मोठं वळण हुबेहूब करतो, पण टिंब स्वतःच्या सवयीने देतो.

तिसरं, दिशा. बरेच डावखुरे लोक आडवी रेघ उजवीकडून डावीकडे ओढतात. सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हाताने करत असला तरी लिहितो डाव्या हाताने. डावखुऱ्याची सही उजव्या हाताने केली तर आकार जमेल, पण रेघेची जाड सुरुवात आणि बारीक शेवट यांच्या जागा बदलू शकतात. भिंगातून ते दिसतं.

चौथं, आजूबाजूचं अक्षर. फोटोवर 'शुभेच्छा' लिहिल्या असतील, पाकिटावर पत्ता असेल, तर ते अक्षर आणि सही एकाच हाताचं आहे का ते बघायचं. साहेब सही करतील एखाद वेळ, पण पाकिटावर पत्ते लिहीत बसणार नाहीत.

आणि पाचवं, ती आली कशी? समोर उभं राहून घेतलेली सही आणि पोस्टाने आलेली सही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण एक सावधगिरी. सही वेगळी दिसली म्हणजे ती खोटीच, असंही नाही. गांधीजी दोन्ही हातांनी लिहायचे. १९०९ मध्ये बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात दुखायला लागला, तेव्हा त्यांनी सुमारे चाळीस पानं डाव्या हाताने लिहिली. ती पानं कुणाला सुटी दाखवली तर तो शपथेवर सांगेल की हे अक्षर दुसऱ्याचं आहे. आजारपण, म्हातारपण, धावत्या गाडीची खिडकी, गर्दीत पाठीवर ठेवलेली वही, यांनी अस्सल सहीही बिघडते. म्हणून निकाल एका खुणेवर द्यायचा नाही.

आत्याच्या फोटोची व्हायवा

एवढं शिकून मी आत्याकडे गेले. भिंग, टॉर्च आणि मोबाईल घेऊन.

छापील? नाही. शाईची चमक वेगळी होती. शिक्का? नाही. दाब दिलेल्या ठिकाणी फाउंटन पेनच्या निबच्या दोन पात्यांचे दोन बारीक रूळ दिसत होते. यंत्र? ठिपके नव्हते, शेपूट सुरेख निमुळतं होतं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. वाटलं, आहे, खरी आहे!

मग आत्याच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेलो. तिलाही त्याच सुमाराला तसाच फोटो आला होता. दोन्ही सह्या स्कॅन करून एकीवर एक ठेवल्या. तंतोतंत जुळल्या नाहीत, पण बहिणी-बहिणी वाटल्या. एकच हात. इथवरही ठीक होतं.

त्याच मैत्रिणीच्या भावाकडे जुनी ऑटोग्राफ वही निघाली. त्याने त्याच हिरोची सही शूटिंगच्या ठिकाणी समोर उभं राहून घेतली होती, खाली तारीखही होती, १९७५ ची. आणि ती सही पाहून मी गप्पच झाले. मोठं अक्षर तसंच, शेवटचं वळण तसंच. पण 'टी'ची आडवी रेघ! वहीत ती घाईत, अर्धवट, शेजारच्या अक्षरावर चढलेली. फोटोंवर ती सरळ, आखीव, आणि डाव्या टोकाला छोटा आकडा.

शेवटचा घाव पाकिटाने घातला. आत्याने १९७४ चं पाकीटही जपून ठेवलं होतं, तिकिटासकट. त्यावर इंग्लिशमध्ये पत्ता आणि शेवटी सातारा. साताऱ्याच्या 'टी'ची आडवी रेघ सरळ, आखीव, डाव्या टोकाला छोटा आकडा.

सातारा ज्याने लिहिलं, त्यानेच सही केली होती.

मग काय बिघडलं?

हा प्रश्न मी स्वतःलाच बरेच दिवस विचारत होते, कारण आत्याला सांगायचं कसं हे कळत नव्हतं.

कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर सही म्हणजे संमती. हात कुणाचा, हा प्रश्न दुय्यम. २०११ च्या मे महिन्यात बराक ओबामा फ्रान्समध्ये असताना त्यांच्या सांगण्यावरून वॉशिंग्टनमध्ये ऑटोपेनने एका विधेयकावर सही झाली आणि तो कायदा झाला. तिथल्या न्याय खात्याने २००५ मध्येच असं करता येतं असं मत दिलेलं होतं.

पण त्याच देशात २००४ साली संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्यावर लोक खवळले होते. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरी सांत्वनाची पत्रं गेली, त्यांवर मंत्र्यांची सही यंत्राने केलेली होती. यापुढे स्वतः सही करीन, असं त्यांना जाहीर करावं लागलं. मजकूर तोच, पद तेच, मग राग कशाचा? राग याचा, की माझा मुलगा गेला आणि माझ्या पत्रासाठी तुला दोन सेकंद मिळाली नाहीत.

म्हणजे सहीत दोन गोष्टी असतात, अधिकार आणि हजेरी. अधिकार दुसऱ्याला देता येतो. हजेरी देता येत नाही. आपल्याकडच्या सरकारी पत्रांवर साहेबांऐवजी दुसरा कुणी सही करतो तेव्हा पदाच्या पुढे 'करिता' असं लिहितो. तो एक शब्द मला फार आवडतो. 'करिता' लिहिलं की ती प्रामाणिक सही, नाही लिहिलं की प्रॉक्सी. सेक्रेटरीने केलेल्या सहीत वाईट काही नाही, वाईट आहे ते गाळलेलं 'करिता'. आणि तो फोटो आता आपण अस्सल म्हणून विकला, तर ते 'करिता' गाळणारे आपणही झालोच. आत्येभावाला मी हेच सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं, पण पटलं त्याला.

तुम्ही स्वतः कधी कुणाची सही घ्याल तेव्हा एवढं करा: लगेच मागे पेन्सिलने तारीख, ठिकाण आणि कुणासमोर घेतली ते लिहा. पन्नास वर्षांनी तुमच्या भाचीचं सेमिस्टर वाचेल.

शेवटी आत्याला सांगितलंच. फोटो, वही आणि पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि ती रेघ दाखवली. तिने चष्मा काढला, भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता रडणार. तर म्हणाली, "म्हणजे माझं पत्र यानेच वाचलं असेल ना गं? चार पानी होतं."

मी म्हटलं, "असेल आत्या. पत्ता तर त्यानेच लिहिलाय."

"अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली, आणि इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी असलेलं ते पाकीट तिने फोटोच्याच प्लॅस्टिकमध्ये सरकवलं.